गडावर की कल्हईला

प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून मी प्लॅटफॉर्मकडे निघाले होते, तेवढ्यात सिरानआत्याचा फोन आला. सकाळी सात वाजता ती कधी फोन करत नाही. "मिसाक गेला," ती म्हणाली. "पहाटे, हॉस्पिटलमध्ये. मी जवळ होते." आणि लगेच, "तू काही खाल्लंस का?" मी नाही म्हटलं. "मग आधी खा. मग ये." त्या दिवशी मी ट्रेन सोडली. गाडीत परत येऊन बसले, दुपारसाठी नेलेली पोळी-भाजी डोळे पुसत पुसत खाल्ली, आणि उत्तरेकडे निघाले. ती खा म्हणाली म्हणून खाल्ली. त्या भावाबहिणीच्या घरात मी तीन वर्षं भाड्याने राहिले होते, आणि तिथे सांगितलेलं ऐकायची सवय मला कायमची लागली आहे.

मिसाक तेर्झियान हे नाव मराठी वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. ते आर्मेनियन होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांना गावागावांतून हाकलून देण्यात आलं, मारण्यात आलं. त्यातून जे वाचले ते जगभर विखुरले. मिसाककाकांची आजी वाचलेल्यांपैकी होती. काका आणि त्यांची मोठी बहीण सिरान यांचा जन्म बेरूतचा. आई आणि आजीबरोबर ती दोघं शाळकरी वयात न्यू जर्सीला आली. काकांनी आयुष्यभर पब्लिक हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना आर्मेनियन लिहायला-वाचायला शिकवलं, आणि उरलेल्या वेळात एकच पुस्तक लिहिलं... आपल्या आजीच्या गावाचं. या लोकांत तशी रीतच आहे. गाव हातचं गेलं की परमुलखात बसून त्याचं जाडजूड पुस्तक करायचं. कुठल्या गल्लीत कोणाचं घर होतं, पाव कोण भाजायचं, विहिरींची नावं काय, सगळं त्यात लिहायचं. काकांचं पुस्तक त्यांच्या समाजात घरोघर असतं. आलेप्पोहून, बेरूतहून नवीन कुटुंब आलं की त्यांना घर शोधून देण्यापासून दोन भावांमधलं भांडण मिटवण्यापर्यंत सगळ्यासाठी लोक काकांकडे यायचे. सगळे त्यांना "बारोन" म्हणायचे. पहिले दोन महिने मला वाटत होतं की माझे घरमालक कुठल्यातरी राजघराण्यातले आहेत. मी जरा अदबीनेच जिना उतरायचे. मग सिरानआत्याने सांगितलं, "अगं, बारोन म्हणजे आमच्या भाषेत मिस्टर. कचऱ्याची गाडी घेऊन येतो ना, तोही बारोनच."

मी तेव्हा मास्टर्स करायला आले होते. त्यांच्या माळ्यावरची खोली भाड्याने घेताना एक फॉर्म भरायचा होता, त्यात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, मेटल फिनिशिंग. खरं सांगायचं तर माझे बाबा कल्हईवाले. संगमनेर आणि आसपासची गावं सायकलवर भाता बांधून फिरायचे. ज्यांच्या घरी आता तांब्यापितळेची भांडी फक्त शोकेसमध्ये आहेत त्यांच्यासाठी सांगते : पितळेच्या पातेल्यात आंबट काही ठेवलं की ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा पातळ हात फिरवतात, ती कल्हई. स्टील आलं आणि काम गेलं. बाबांनी सातवीत शाळा सोडली होती. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि आज हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. तेव्हा करत होते.

काकांनी पहिल्याच आठवड्यात मला पकडलं. ते जिन्याखाली स्लिपर्स घालून उभे होते. म्हणाले, "तेर्झियान म्हणजे शिंप्याचे. तेर्झी म्हणजे शिंपी, यान म्हणजे त्याची पोरं. तुझे लोक काय करायचे?" मी म्हटलं, मेटल फिनिशिंग. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठलं मेटल? कसलं फिनिश?" मी म्हटलं मला क्लास आहे, आणि सटकले. मागून सिरानआत्याचा आवाज आला, "सोड रे तिला! शिंप्याच्या पोराला माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही." त्यांना काका म्हणते म्हणजे काय म्हणते हे मी एकदा समजावून सांगितलं, आणि मग तुम्ही कोण तर आत्या, असं सिरानला सांगितलं. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि ठेवून घेतला.

शनिवारच्या शाळेत मी कधीकधी कॉफी करायला जायचे. तिथे एखादा मुलगा म्हणाला, "एव्हरीवन नोज दॅट, बारोन," की काका वही उघडून बसायचे. "छान. या एव्हरीवनचा पत्ता सांग. मला त्याला पत्र लिहायचंय." मुलं हसायची, पण पुढच्या शनिवारी आपल्या आजीला फोन करून यायची. इतका चिकित्सक माणूस, आणि त्यांच्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चूक होती. ती चूक माझ्या कानाने पकडली, म्हणून हा लेख मी लिहिते आहे. नाहीतर त्यांच्यावर लिहिण्याइतकी माझी योग्यता नाही.

मुखपृष्ठावर गावाजवळच्या गडाचा फोटो होता. काका-आत्यांच्या आईचे वडील, ओहान, मूठभर माणसांबरोबर त्या गडावर गेले आणि लढता लढता तिथेच पडले, अशी कथा होती. दर एप्रिलमध्ये मृतांच्या स्मरणाचा कार्यक्रम होतो, त्यात मुलं ती कथा पाठ म्हणायची. सिरानआत्याने बेरूतमध्ये सात वर्षांची असताना ती पहिल्यांदा म्हटली होती. गड म्हटल्यावर माझाही ऊर भरून यायचाच. आपल्या लोकांना गडांचं किती वेड असतं ते मी वेगळं सांगायला नको. घरात लहानपणापासून ऐकलेल्या या कथेला पुस्तकात आधार होता तो एका कॅसेटचा. काकांनी कॉलेजात असताना आजीला बोलतं करून ती टेप केली होती. आजी घरात तुर्की बोलायची, त्या गावातले बरेच आर्मेनियन तसेच बोलायचे. तिने आपल्या नवऱ्याबद्दल अगदी थोडं सांगितलं होतं. तो गडावर गेला. मग आला नाही. त्याच्या हातांबद्दल एक अर्धवट वाक्य. एवढंच. बाजारात त्याचं दुकान होतं, याखेरीज त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं.

नोकरी लागून मी वेस्ट विंडसरला राहायला गेले, तरी महिन्यातला एक रविवार त्या घरी जायचा, हे ठरलेलं. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती, म्हणून सगळ्या कॅसेट्स मी डिजिटाइझ करत होते. काकांच्या अभ्यासिकेत हेडफोन लावून बसायचं, समोर काकांनी केलेला इंग्रजी तर्जुमा ठेवायचा आणि कुठे काय येतं त्याच्या वेळा लिहायच्या. तुर्कीचं मला अक्षर कळत नव्हतं. आजीच्या टेपमध्ये, गडाच्या वाक्यानंतर, काकांनी लिहिलं होतं : "त्याच्या हातांना" आणि मग कंसात "अस्पष्ट", आणि मग "वास यायचा, तो जात नसे". त्या अस्पष्ट जागी आजी म्हणत होती, निशादिर. मी परत ऐकलं. निशादिर. संगमनेरच्या बाजारात बाबा ज्यांच्याकडून माल घ्यायचे ते चाचा म्हणायचे नौशादर. आम्ही म्हणतो नवसागर. भांडं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकतात, भसकन पांढरा धूर होतो, नाकात झोंबतो, आणि मग कथील धरतं. बाबांच्या हातांचा तो वास साबणाने कधी गेला नाही. शाळेत जाताना मी त्यांचा हात धरायचे नाही, त्या वासामुळे.

मी हेडफोन काढला. "काका, निशादिर म्हणजे काय?"

"कुठे आहे?" त्यांना तो शब्दच माहीत नव्हता. त्यांचं तुर्की आजीच्या स्वयंपाकघरातलं, धंद्यातले शब्द त्यांना कुठून कळणार? मग मला सांगावंच लागलं. मेटल फिनिशिंग काय असतं, भाता, कोळसा, कथील, सगळं. "आमच्या भाषेत त्याला कल्हई म्हणतात," मी म्हटलं.

"काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"कल्हई."

त्यांनी टेप मागे नेली. तुर्कीत गडाला म्हणतात काले. गडावर गेला, कालेये गित्ती. आणि कथलाच्या मुलाम्याला म्हणतात कालाय. कल्हईच्या कामाला गेला, कालाया गित्ती. दात पडलेल्या म्हातारीच्या तोंडून, जुन्या कॅसेटवर, दोन्हींत फरक तो कितीसा... पण एकदा कळल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. काकांनी ते वाक्य किती वेळा ऐकलं मला आठवत नाही. शेवटी म्हणाले, "इतकी वर्षं मला गड ऐकू आला, कारण मला गड हवा होता."

माझ्या शब्दावर मात्र त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी तो तुकडा, काहीही न सांगता, दोन वेगळ्या शहरांतल्या, तुर्की जाणणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांना पाठवला. काय ऐकू येतं ते लिहून कळवा, एवढंच. दोघांनीही कालाय लिहिलं. दरम्यान त्यांनी माझ्या बाबांची ओळख करून घेतली. व्हिडिओ कॉल लागला तेव्हा बाबा बनियनवर होते, ते पळत जाऊन शर्ट घालून आले आणि काकांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग मी मध्ये दुभाषी. काका विचारणार भट्टीला खड्डा केवढा खणतात, बाबा हाताने दाखवणार, काका वहीत चित्र काढून कॅमेऱ्यासमोर धरणार, बाबा म्हणणार, "एवढा नाही हो, एवढा केला तर कोळसा पुरायचा नाही." माझ्या बाबांना कोणी अभ्यासाचं काही विचारतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

सिरानआत्याला सांगायचं काम उरलं होतं. काकांनी ते स्वयंपाकघरात, माझ्यादेखत केलं. ती द्राक्षाच्या पानांत भाताचं सारण भरत होती. सगळं ऐकून घेईपर्यंत तिचे हात चालूच होते.

"म्हणजे माझ्या आजोबांना तू गडावरून खाली उतरवलंस," ती म्हणाली.

"मी नाही. आजीने."

"आजी आता बोलायला येणार नाही, मिसाक. तुला बरं सापडलंय!" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू! भांडी घासायला कधी हात लागला नाही तुझा या घरात, आणि आता भांड्यांबद्दल सांगतेस?" हे खरं होतं. तिने हात पुसले. आवाज एकदम खाली आला. "गडावर निदान तो कुठे आहे ते मला माहीत होतं. आता तो कुठे आहे? कुठल्या रस्त्यावर? कुठे शोधू मी त्याला?" गावातल्या पुरुषांना त्या दिवसांत जिथे सापडतील तिथून गोळा करून नेलं होतं, आणि कल्हईवाला तर घरी सापडणार नाही, तो कुठल्या तरी गावात भट्टी लावून बसलेला असणार.

त्या एप्रिलमध्ये काका चर्चच्या हॉलमध्ये उभे राहिले आणि साध्या शब्दांत म्हणाले की मी चुकलो, माझ्या पुस्तकात आणि तुमच्या मुलांच्या तोंडी मी एक चुकीची गोष्ट घातली. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. "बारोन, राहू दिलं असतं तर कोणाचं काय बिघडत होतं?" काका म्हणाले, "त्या कल्हईवाल्याचं." सिरानआत्या उठली, तिने खुर्चीवरचा कोट घेतला आणि बाहेर गेली. काही घरांनी शनिवारच्या शाळेत मुलं पाठवणं बंद केलं. घरी दोघं बोलेनाशी झाली. जेवण मात्र चुकलं नाही. ती त्यांचं ताट झाकून अभ्यासिकेच्या दाराशी ठेवायची, ते रिकामं ताट विसळून परत ठेवायचे.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं तयार होती. त्यात ते पान बदललेलं होतं. पण काका छापायला देईनात. मी वैतागून म्हटलं, "काका, पुस्तक तुमचं आहे, आणि खरं काय ते तुम्हाला माहितीये. पाठवून द्या ना!" ते म्हणाले, "आजी माझी एकट्याची नाही. सिरान हो म्हणेल तेव्हा." मी म्हटलं, आणि नाही म्हणाली तर? "मग मी चुकीचं पुस्तक मागे ठेवून जाईन, आणि ती खरं माहीत असलेली म्हातारी बाई म्हणून मागे राहील. दोघांची शिक्षा सारखीच." हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटत नाही. खरं माहीत असताना थांबून राहणं मला जमणार नाही... पण मी त्यांची बहीण नव्हते. हिवाळाभर प्रुफं टेबलावर पडून राहिली, आणि हिवाळा संपायच्या आत हृदयाचं निमित्त होऊन तीन दिवसांत काका गेले. ती हो म्हणाली नव्हती.

आपल्याकडे तेराव्याचं असतं तसं त्यांच्यात चाळिसाव्या दिवसाचं. चर्चमध्ये प्रार्थना, मग सगळ्यांचं जेवण. त्या दिवशी मला तिने सकाळी आठलाच बोलावलं होतं, मदतीला म्हणून. गेले तर स्वयंपाक सगळा झालेला. "वर चल," ती म्हणाली. चाळीस दिवसांत ती अभ्यासिकेत आदल्या दिवशीच पहिल्यांदा गेली होती. खोली तशीच होती, पेन्सिलींचा डबा, टेप रेकॉर्डर, खुर्चीच्या पाठीला अडकवलेला स्वेटर. टेबलावर प्रुफं, आणि प्रुफांखालून तिने एक नकाशा ओढून काढला. गावाच्या आसपासचा मुलूख काकांनी हाताने काढला होता, म्हाताऱ्या लोकांनी सांगितलेल्या आठवणींवरून. त्यावर मैल नव्हते, प्रत्येक गावाशेजारी तिथे चालत जायला किती तास लागतात ते लिहिलं होतं. "हे मला काल सापडलं," ती म्हणाली. "इथे तुझं नाव आहे." समासात काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : वैशालीच्या वडिलांना विचारणे, सगळं सामान पाठीवर घेऊन माणूस कामाला किती लांब जातो?

तिने आजोबा कुठे म्हणून विचारलं होतं. तिला उत्तर न देता हा माणूस सगळा हिवाळा ते शोधत बसला होता.

मी तिथूनच फोन लावला. संगमनेरात संध्याकाळ होती, बाबा ओट्यावर बसले होते. मी स्पीकर लावला आणि प्रश्न सांगितला. "मी सायकलवर फिरलो बाई. पण माझे वडील चालत जायचे. ओझं घेऊन दोन तास. त्याच्या पुढं माणूस पोचतो, पण पोचून काम करत नाही." मी सिरानआत्याला इंग्रजीत सांगितलं. तिने चष्मा लावला आणि दोन तासांच्या आतली गावं एकेक करून मोठ्याने वाचायला लागली. हळू, एखाद्याचं नाव पुकारावं तशी. पाच गावं होती. सहाव्या जागी तिचं बोट थांबलं. तो गड होता. शेजारी लिहिलं होतं, दीड तास.

"तिथे भांडी असतील?" तिने विचारलं.

"माणसं होती तर भांडी असणारच, आत्या."

ती हसली, खूप दिवसांनी. मग मान हलवली. "नाही. हे आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. हे लिहायचं नाही." तिने प्रुफं उचलून माझ्या हातात दिली. "छापायला पाठव. आणि मुखपृष्ठावर हा नकाशा घाल."

फोन अजून चालूच होता, बाबा पलीकडून हॅलो हॅलो करत होते. "अगं ऐक, त्यांना हेही सांग," ते म्हणाले, "येताना ओझं हलकं असतं. येताना माणूस लवकर येतो." मला ते तिला सांगवेना. "काय म्हणतायत?" तिने विचारलं. तेव्हा सांगितलं. मग तिने काकांची खुर्ची ओढली आणि तीत बसली, डब्यातली एक पेन्सिल घेतली.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "किती हलकं?"

मी विचारलं. बाबा आठवून आठवून सांगायला लागले, जाताना कोळसा किती, कथील किती, येताना त्यातलं काय उरतं... आणि ती लिहून घ्यायला लागली.